घरच्या बजेटात डेस्कटॉप संगणक: यादी, खरेदी आणि जोडणी

घरासाठी संगणक घ्यायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत चर्चा प्रोसेसरच्या नावापासून सुरू होते. दुकानदारही तिथूनच सुरुवात करतो, कारण ‘आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’ (प्रोसेसर, रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, आणि साठवणीची एसएसडी) एवढ्यावर भाव सांगता येतो. पुढे घरात ज्या तक्रारी उद्भवतात त्या मात्र बहुधा या तीन आकड्यांबाहेरच्या असतात: वीज गेली की काम बुडते, कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) वर्षभरात जळतो, वायफाय चालतच नाही, विंडोज ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणून मागे लागते आणि वॉरंटी मागायला गेल्यावर हातात पक्के बिल नसते. स्वतःच्या घरासाठी संगणक जोडताना आणि नंतर नातेवाइकांची कोटेशने तपासताना मला हेच पुन्हा पुन्हा दिसले. त्यामुळे या लेखात प्रोसेसरपेक्षा कोटेशनमध्ये न लिहिलेल्या ओळींवर अधिक भर आहे.

मॉनिटर व यूपीएससह सुमारे ४० हजार रुपये खर्च करू शकणारे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून मी लिहिले आहे. प्रत्येक भागाची किंमत मुद्दाम दिलेली नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि त्यापाठोपाठ एसएसडीचेही, त्यामुळे छापलेला भाव महिन्याभरात निरुपयोगी ठरतो. भाव खरेदीच्या आठवड्यातलेच घ्यावेत.

१. घरातल्या कामांची यादी लिहा

एका कागदावर घरातल्या प्रत्येकाचे नाव आणि त्यापुढे ती व्यक्ती संगणकावर नेमके काय करणार, ते लिहा. ‘अभ्यास’ असे मोघम लिहू नका. ऑनलाइन तास पाहणे, एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनच्या सराव परीक्षा सोडवणे, गृहउद्योगाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणे, मराठीत लेखन करणे, परदेशातल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणे, मोबाइलमधले फोटो साठवणे, अशी कामे सुटी सुटी मांडा. या दोन्ही प्रवेश परीक्षा संगणकावर होतात, त्यामुळे बारावीच्या विद्यार्थ्याला मोठ्या पडद्यावर आणि माउसने सराव करण्याचा खरोखर उपयोग होतो.

वर लिहिलेल्या कामांपैकी एकालाही वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ते लागते नव्या, जड खेळांसाठी, त्रिमितीय आरेखनासाठी आणि नियमित व्हिडिओ संकलनासाठी. मुलाला खेळ खेळायचे असतील तर ते ‘प्रोजेक्टसाठी लागते’ या आडून येण्यापेक्षा यादीत उघडपणे आलेले बरे, कारण तेवढ्या एका कामामुळे बजेट दीडपट होऊ शकते. अभियांत्रिकीला प्रवेश घेतलेल्या मुलासाठी खरेदी असेल, तर पहिल्या सत्रात कोणते सॉफ्टवेअर वापरतात ते महाविद्यालयात विचारून मगच पुढे जा.

२. नवा डेस्कटॉप, लॅपटॉप की रिफर्बिश्ड?

संगणक रोज घराबाहेर न्यायचा असेल, तर लॅपटॉपच घ्यावा. त्यात फार विचार करण्यासारखे काही नाही. तो घरात एका जागी राहणार असेल आणि तिघे-चौघे वापरणार असतील, तर डेस्कटॉप परवडतो. पडदा मोठा मिळतो, प्रत्येक भाग सुटा बदलता येतो, कीबोर्ड बिघडला तर काही शे रुपयांत काम भागते. लॅपटॉपमध्ये मात्र कॅमेरा, माइक, स्पीकर, वायफाय, ब्लूटूथ आणि बॅटरी आधीच असतात, आणि डेस्कटॉपमध्ये यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. तुलना करताना हा फरक रुपयांत मोजावा.

तिसरा मार्ग रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेल्या आणि तपासून पुन्हा विकलेल्या, संगणकाचा. बजेट २५ हजारांच्या आत असेल, तर माझ्या मते तोच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. कंपन्या आणि बँका ठरावीक वर्षांनी आपले संगणक बदलतात, आणि डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशी कार्यालयीन यंत्रे बाजारात येतात. यांची बांधणी मजबूत असते, आवाज कमी असतो आणि बहुतेकांसोबत विंडोजचा मूळ परवानाही मदरबोर्डशी (सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पट्टीशी) जोडलेला येतो. ही बचत मोठी आहे.

येथे दोन सापळे आहेत. पहिला सापळा पिढीचा. ‘आय-७’ एवढे सांगून काहीच कळत नाही; पुढचा पूर्ण क्रमांक विचारा. इंटेलच्या या क्रमांकांतले शेवटचे तीन अंक सोडले की उरते ती पिढी: आय-७ ३७७० म्हणजे तिसरी पिढी, आय-५ ८५०० म्हणजे आठवी, आय-३ १२१०० म्हणजे बारावी. २०१२ चा आय-७ आणि २०२२ चा आय-३ समोरासमोर ठेवले, तर घरगुती कामात नवा आय-३ सरस ठरतो. शिवाय विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधाही लागते. एएमडीच्या बाबतीत ही सीमा रायझन २००० मालिकेच्या आसपास येते, परंतु त्या मालिकेतले २२००जी आणि २४००जी तीत बसत नाहीत. आठव्या पिढीपेक्षा जुने यंत्र स्वस्त मिळाले, तरी त्यावर लिनक्स वापरण्याची तयारी असेल तरच घ्या.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. ऑनलाइन बाजारात ‘आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, मॉनिटरसह संपूर्ण सेट’ अशा जाहिराती थक्क करणाऱ्या किमतीत दिसतात. कॅबिनेट चकचकीत, आत रंगीत दिवे आणि सगळे नवेकोरे. तपशिलात पाहिले तर मदरबोर्डवर एच६१ चिपसेट (कोणता प्रोसेसर चालेल ते ठरवणारी चिप) असतो. तो २०११ चा आहे आणि त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा जुना प्रोसेसर बसवलेला असतो. मदरबोर्ड नवा बनवलेला असला तरी तंत्रज्ञान त्या काळातलेच असते. जाहिरातीत चिपसेटचे नाव आणि प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक नसेल, तर ती पुढे वाचण्याची गरज नाही.

रिफर्बिश्ड यंत्र दुकानात चालू करून पाहा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ तपासा. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमने प्रोसेसर व रॅम खरी आहे का ते बघा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फोने एसएसडी किती तास चालली आहे ते पाहा. अगदी बारीक, आडव्या ठेवण्याच्या मॉडेलमध्ये एसएमपीएस त्या कंपनीच्या खास मापाचा असतो आणि ग्राफिक्स कार्डही बुटकेच बसते, हे लक्षात घेऊन शक्यतो टॉवर मॉडेल निवडा.

३. पूर्ण बिलाचे बजेट करा

कोटेशन बहुधा फक्त ‘डब्या’चे असते. तुमच्या यादीत मात्र टेबलावर आणि टेबलाखाली येणारे सगळे हवे: मॉनिटर, कीबोर्ड, माउस, वेबकॅम, माइक असलेला हेडफोन किंवा स्पीकर, यूपीएस, वायफायचा डोंगल किंवा कार्ड, विंडोजचा परवाना आणि फोटोंच्या बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क. बजेटचा एक तृतीयांश भाग या ओळींवर सहज जातो. तो आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत प्रोसेसर बसवा, उलट्या क्रमाने नको.

जीएसटीचाही हिशेब आधीच करून ठेवा. संगणक आणि त्याच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. ‘४० हजार प्लस टॅक्स’ म्हणजे ४७,२०० रुपये होतात, आणि हे बरेचदा बिलाच्या वेळीच कळते. कोटेशन करासह मागा. घरातला कोणी जीएसटी नोंदणी असलेला व्यवसाय करत असेल आणि संगणक त्याच व्यवसायासाठी असेल, तर बिलावर तो क्रमांक घालण्याबाबत आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्या.

४. भाग निवडा

प्रोसेसर. या बजेटात ग्राफिक्स अंगभूत असलेलाच प्रोसेसर घ्या. इंटेलचा आय-३ १२१०० (४ कोर, ८ थ्रेड) आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी (६ कोर, १२ थ्रेड) ही घरगुती यंत्रांतली ओळखीची नावे आहेत. पहिला रोजच्या कामाला चपळ आहे. दुसऱ्याचे अंगभूत ग्राफिक्स अधिक दमदार असल्यामुळे हलकेफुलके खेळ चालतात. क्रमांकाच्या शेवटचे अक्षर मात्र नीट वाचा. इंटेलच्या क्रमांकाला ‘एफ’ जोडलेला असेल, म्हणजे १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० या ‘जी’ नसलेल्या प्रोसेसरमध्येही ते नाही. हे प्रोसेसर थोडे स्वस्त असतात आणि नवखा ग्राहक आनंदाने घेतो. घरी आल्यावर पडद्यावर काहीच उमटत नाही आणि ग्राफिक्स कार्डाचा खर्च अंगावर पडतो. ‘ट्रे’ प्रोसेसर, म्हणजे कंपनीच्या खोक्याशिवाय आलेला, टाळावा. त्याची जबाबदारी बहुधा फक्त विक्रेत्यावर असते आणि सोबत पंखाही येत नाही.

मदरबोर्ड. प्रोसेसर ज्या सॉकेटचा (बसण्याच्या जागेचा), त्याच सॉकेटचा मदरबोर्ड लागतो. १२१०० साठी एलजीए १७०० सॉकेटचा एच६१० आणि ५६००जी साठी एएम४ सॉकेटचा ए५२० किंवा बी५५० हे परवडणारे पर्याय आहेत. एएम४ सॉकेट आता जुना झाला आहे. पुढे मोठा प्रोसेसर घालण्याचा विचार असेल, तर २०२२ मध्ये आलेला एएम५ पाहावा, पण त्यासाठी महागडी डीडीआर५ (नव्या पिढीची) रॅमच लागते. एच६१० मदरबोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही रूपांत मिळतो व त्यांची रॅम एकमेकांत बसत नाही, म्हणून कोटेशनवर मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्या. जुना बी४५० मदरबोर्ड मिळत असेल, तर रायझन ५००० मालिकेसाठी (५६००जी तिच्यातलाच) त्याचा बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत आहे का ते विचारा. स्वस्त मदरबोर्डांवर बहुधा वायफाय नसते. राउटर त्याच खोलीत असेल तर लॅन केबल लावा; तीच सर्वांत स्थिर आणि स्वस्त सोय.

रॅम. १६ जीबी हे आजचे योग्य माप आहे. अंगभूत ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरते, त्यामुळे ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यास ‘ड्युअल चॅनल’मुळे (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्यामुळे) खेळांत आणि व्हिडिओत फरक जाणवतो, विशेषतः रायझनमध्ये. परंतु एच६१० वर रॅमचे दोनच खाचे असतात, म्हणजे पुढे वाढवायचे झाल्यास आधीच्या पट्ट्या काढाव्या लागतात. भाव चढलेले असताना आज ८ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरा खाचा मोकळा ठेवणे हा चुकीचा निर्णय नाही. ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडे ठेवण्याची सवय असलेल्यांनी मात्र तो घेऊ नये.

एसएसडी. संगणक ‘फास्ट’ वाटतो तो प्रोसेसरपेक्षा एसएसडीमुळे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी वाचते, साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते आणि साधी एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी त्याच्या कितीतरी पट. विंडोज हार्ड डिस्कवर टाकण्याचे दिवस संपले आहेत. ५०० जीबीची एनव्हीएमई पुरेशी आहे. विंडोज ती ४६५ जीबी दाखवते, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे, त्यात कोणी फसवलेले नसते. एम.२ (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या छोट्या पट्टीच्या) आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई असतेच असे नाही, त्या आकारात साटाही येते. बिलावर कोणती ते स्पष्ट हवे.

एसएमपीएस. या ओळीत काटकसर करू नका. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला जो एसएमपीएस फुकटासारखा मिळतो, त्याच्यावरचा आकडा विश्वासार्ह नसतो. त्यात संरक्षणाची सर्किटे अपुरी असतात आणि व्होल्टेज वरखाली झाले की तो जाताना मदरबोर्डलाही सोबत नेऊ शकतो. नामवंत कंपनीचा ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ४५० वॅटचा एसएमपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती यंत्राला भरपूर झाला. ८० प्लस हे कार्यक्षमतेचे मानांकन आहे, टिकाऊपणाचे नव्हे, म्हणून मानांकनासोबत वॉरंटीची वर्षेही पाहा. तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर दुसरा निवडा. कॅबिनेटवरचे रंगीत दिवे वगळले की या फरकाचे पैसे बहुधा तिथेच निघतात.

मॉनिटर. हा भाग पुढच्या दोन संगणकांनाही पुरतो. २२ ते २४ इंच, १९२० × १०८० रिझोल्यूशन आणि आयपीएस पॅनल ही घरगुती मापे. टीएन पॅनलवर बाजूला बसलेल्याला रंग फिके दिसतात आणि घरात तर एका पडद्यापुढे दोघे-तिघे बसणारच. मॉनिटर आणि मदरबोर्ड या दोन्हींवर एचडीएमआय आहे का ते पाहा, कारण काही स्वस्त मॉनिटरसोबत खोक्यात केवळ जुन्या पद्धतीची व्हीजीए केबल येते. पडद्यावर कायम जळालेले ठिपके असतील तर किती ठिपक्यांनंतर मॉनिटर बदलून मिळतो याचे प्रत्येक कंपनीचे वेगळे नियम असतात, म्हणून मॉनिटर दुकानातच चालू करून पाहावा.

कीबोर्ड, माउस आणि कॅबिनेट यांवर जास्त लिहिण्यासारखे नाही. कॅबिनेटला समोरून हवा आत येण्यासाठी जाळी हवी, बंद काच नको.

५. कोटेशन, दुकान आणि बिल

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, या खरेदीसाठी कित्येक वर्षे प्रसिद्ध आहे. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने दाटीने आहेत. लहान शहरात असाल तर ऑनलाइन भाव पाहून गावातल्या दुकानदाराला तीच यादी द्या. थोडा फरक पडला तरी बिघाडाच्या दिवशी दुकान जवळ असण्याला किंमत आहे, आणि तेवढे पैसे मी आनंदाने देतो.

किमान तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या आणि तिन्हींवर तेच मॉडेल असू द्या. ‘तसाच आहे, दुसऱ्या कंपनीचा’ असे उत्तर आले तर तो भाव तुलनेतून वगळा. दुकानदाराशी हुज्जत घालून भाव पाडण्यापेक्षा मॉडेल पक्के ठेवून विचारणे अधिक परिणामकारक ठरते. पैसे देण्यापूर्वी या गोष्टी तपासा:

- जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल आणि जमेल तिथे सिरियल क्रमांक. ‘कॉम्प्युटर सेट – १’ असे एका ओळीचे बिल वॉरंटीसाठी कुचकामी असते.
- प्रत्येक भागाची वॉरंटी किती वर्षे आणि ती कोण देणार: कंपनीचे सर्व्हिस सेंटर की दुकान?
- आयात केलेला माल असेल तर त्यावर भारतातली वॉरंटी आहे का.
- मॉनिटर आणि ॲडाप्टरवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नोंदणी चिन्ह.
- सर्व रिकामी खोकी. असेंबल्ड (सुटे भाग जोडून बनवलेला) संगणक घेतल्यावर दुकानदार ती ठेवून घेतो. आग्रहाने मागून घ्या.

‘बिलाशिवाय घेतलेत तर १८ टक्के वाचतील’ हा प्रस्ताव हमखास येतो. तो स्वीकारला की वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही हातचे गेलेच म्हणून समजा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच असतो.

६. जोडणी

बहुतेक दुकाने नाममात्र शुल्कात किंवा विनामूल्य जोडून देतात, आणि पहिल्यांदा घेत असाल तर त्यांच्याकडूनच जोडून घ्या; फक्त समोर बसून पाहा. घरी जोडायचे असल्यास चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, केबल बांधायच्या पट्ट्या, विंडोज टाकण्यासाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह, टॉर्च आणि स्क्रू ठेवायला वाटी एवढे साहित्य पुरते. सतरंजीवर किंवा सिंथेटिक कपडे घालून काम करू नका. अंगातली स्थिर वीज निघून जाण्यासाठी मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

क्रम असा ठेवा. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर आपल्या वजनाने बसतो, त्याला दाबायचे नसते. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि एलजीए १७०० मध्ये त्या सॉकेटमध्ये असतात. वाकल्या तर दोन्ही प्रकारांत वॉरंटी मिळत नाही. रॅम ‘खट्’ आवाज होईपर्यंत दाबा. चार खाचे असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाच्यात लावा. मग एसएसडी आणि पंखा बसवा. पंख्याच्या तळाला थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावलेली असेल तर वेगळी लावू नका, आणि तळावर प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर तो काढा.

कॅबिनेटमध्ये मागच्या पोर्टची पत्र्याची पट्टी आधी लावायची असते, नंतर ती बसत नाही. मदरबोर्डखालच्या पितळी खुंट्या फक्त छिद्रांच्या जागीच हव्यात. एखादी जादा राहिली तर शॉर्ट होऊ शकते. एसएमपीएसची २४ पिनांची मोठी केबल सर्वांनाच आठवते, पण प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातली ८ पिनांची केबल विसरली जाते, आणि मग पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो. पॉवर बटणाच्या बारीक वायरी मात्र मदरबोर्डची पुस्तिका उघडून, आकृती बघूनच लावा.

पहिल्यांदा चालू केल्यावर, विशेषतः डीडीआर५ असेल तर, मदरबोर्ड रॅम जुळवून घेण्यासाठी काही मिनिटे घेतो. घाबरून लगेच बंद करू नका. बायोसमध्ये रॅम पूर्ण वेगाने चालावी म्हणून एक्सएमपी किंवा एक्सपो हा पर्याय सुरू करा आणि त्यानंतर एक रात्र मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालू ठेवा. सदोष रॅम बदलून घेणे पहिल्या आठवड्यात सोपे असते.

७. विंडोज, लिनक्स आणि मराठी

‘विंडोज टाकून देतो’ याचा अर्थ परवाना दिला असा होत नाही. अधिकृत परवान्याची किंमत या बजेटात प्रोसेसरच्या किमतीजवळ जाऊ शकते, म्हणून कोटेशनवर ती वेगळी ओळ मागा. ॲक्टिव्हेशनच्या पानावर एखाद्या संस्थेच्या सर्व्हरचा उल्लेख दिसला, तर ती केएमएसची (संस्थांसाठीच्या सामूहिक परवान्याच्या सोयीची) पळवाट आहे. ती १८० दिवसांच्या मुदतीने चालते आणि ती चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून व्हायरस घरात येऊ शकतो. ज्या यंत्रावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करणार, त्यावर हे नको.

परवाना परवडत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाका. ब्राउझर, व्हिडिओ कॉल, लिब्रेऑफिस आणि ऑनलाइन शिकवण्या तिथे चांगल्या चालतात. अडचण येते ती विंडोजसाठीच बनलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, डिजिटल सहीच्या टोकनची आणि काही प्रिंटरची. कामांच्या यादीत यांपैकी काही असेल तर आधी चौकशी करा.

मराठीसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याची गरज नाही. विंडोज ११ मध्ये ‘भाषा आणि प्रदेश’ या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची ठरावीक मांडणी) आणि फोनेटिक (उच्चारानुसार रोमन अक्षरांनी) दोन्ही कीबोर्ड मिळतात, आणि विंडोज कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते. जुन्या पद्धतीचे, युनिकोड (सर्व यंत्रांवर अक्षर सारखे उमटवणारे मानक) नसलेले फॉन्ट दुकानदाराने भरून दिले तरी त्यांत लिहू नका. ती फाइल दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर अगम्य चिन्हांत उघडते.

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे खाते करा, आणि मुलांच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार देऊ नका.

८. वीज, अर्थिंग आणि पावसाळा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तो अर्थिंगचा दोष समजा आणि इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असतो पण तिसऱ्या पिनला वायरच नसते. हे काम संगणक घरी येण्याआधी करायचे.

६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि घरगुती संगणकाला काम जतन करून बंद करण्यापुरती मिनिटे देतो. त्यावर संगणक, मॉनिटर आणि राउटर लावा. लेझर प्रिंटर कधीही लावू नका, कारण तो तापताना एकदम मोठा भार घेतो. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस मोड’ आहे का ते पाहा. त्या मोडमध्ये वीज गेल्यावर बॅटरीवर जाण्याचा वेळ कमी होतो आणि बहुतेक संगणक बंद न पडता चालू राहतात. तसे होत असेल तर वेगळ्या यूपीएसचा खर्च वाचतो, म्हणून खरेदी त्या चाचणीनंतर करा.

विजेच्या बिलाची भीती अनाठायी आहे. साध्या कामात यंत्र आणि मॉनिटर मिळून ८० वॅट धरले आणि रोज पाच तास वापर धरला, तर महिन्याला १२ युनिट होतात.

मे अखेरीस आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग तर काढाच, पण राउटरला येणारी तांब्याची केबलही काढा. त्या वाटेने आलेल्या झटक्याने लॅन पोर्ट आणि मदरबोर्ड जातात. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात संगणक दिवसातून थोडा वेळ चालू ठेवावा, आतल्या उबेने ओल धरत नाही. महिनोन्‌महिने प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकून ठेवलेल्या यंत्रात दमटपणा अधिक साचतो. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवा. मुंग्या, झुरळे आणि पाली यांना उबदार एसएमपीएस फार आवडतो. मागची न वापरलेली पट्ट्यांची छिद्रे बंद ठेवावीत.

९. कागदपत्रे आणि जुना संगणक

बिल, वॉरंटी कार्डे, विंडोजच्या परवान्याचा क्रमांक आणि प्रत्येक भागावरच्या स्टिकरचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा. त्याची प्रत मोबाइलमध्येही ठेवा, कारण थर्मल कागदावर छापलेले बिल वर्षा-दोन वर्षांत कोरे पडते. खोकी निदान पहिले वर्ष माळ्यावर राहू द्या. काही सर्व्हिस सेंटर खोक्यावरचा सिरियल क्रमांक मागतात.

नव्या संगणकाने जुन्याची जागा घेतली असेल, तर जुन्यातली हार्ड डिस्क काढून आधी तिच्यातले फोटो आणि कागदपत्रे उतरवून घ्या. नुसते ‘डिलीट’ केलेले परत काढता येते. त्यामुळे संगणक देण्यापूर्वी डिस्क पूर्णपणे पुसणाऱ्या प्रोग्रॅमने पुसा, किंवा डिस्क स्वतःजवळच ठेवून उरलेले यंत्र द्या. भंगारवाल्याला देण्याऐवजी ते नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि अनेक उत्पादक जुनी यंत्रे परत घेण्याची सोय ठेवतात. जुना मॉनिटर चालू असेल तर तो मात्र देऊ नका. मदरबोर्डवर दोन डिस्प्ले पोर्ट असतील तर तोच दुसरा पडदा म्हणून लावा. एकीकडे शिकवणी आणि दुसरीकडे वही उघडी ठेवता येते.